दुखतं कुठे?

१९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार ओळींची एक नोंद छापून आली. २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने वरून खाली उडी मारली, ती नेमकी १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटाचा तळ फोडून वरून बाहेर आला. त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा खिळ्याला जरा धक्का लागला तरी तो कळवळत होता. शेवटी फेंटॅनिल आणि मिडाझोलम देऊन त्याला गुंगीत ठेवलं आणि खिळा खालून उपसून काढला. मग बूट काढला, तर आतला पाय जसाच्या तसा! खिळा दोन बोटांच्या बेचक्यातून गेला होता. पायाला साधा ओरखडाही नव्हता.

वाचून हसू येतं. पण तो माणूस सोंग करत नव्हता. फेंटॅनिलसारखं जबर औषध देण्याइतकं त्याचं दुखणं डॉक्टरांनाही खरं वाटलं होतं, आणि ते खरंच होतं. मग पायाला काहीच झालं नसताना एवढी कळ आली कुठून?

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये छापलेल्या ग्रंथात एक चित्र आहे. विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा, आणि त्याच्या पायापासून थेट मेंदूपर्यंत गेलेला एक बारीक धागा. विस्तवाने खालचं टोक ओढलं की वर मेंदूत घंटा वाजते, असा त्याचा हिशेब. हे चित्र साडेतीनशे वर्षं जुनं असलं, तरी आपण सगळे अजून त्याच्याच भरवशावर जगतो. जेवढं लागलं तेवढं दुखणार, जिथे दुखतंय तिथेच बिघाड असणार, आणि बिघाड सापडत नसेल तर माणूस ढोंग करतोय, हे सगळं त्या एका धाग्यातून येतं. धागा खोटा नाही. पण त्याच्या वरच्या टोकाला घंटा नसून एक निवाडा करणारी यंत्रणा बसलेली आहे. खालून आलेल्या वार्तेवर विश्वास ठेवायचा की नाही, किती ठेवायचा, आणि तुम्हाला दुखवायचं की नाही, हे ती ठरवते.

आधी धाग्याचं खालचं टोक पाहू. आपल्या कातडीत दुखणं ओळखणारं काहीच नसतं. तिथे फक्त धोका ओळखणारी टोकं असतात: जास्त उष्णता, जास्त दाब, काही रसायनं. ही टोकं किती सहज फसतात हे मराठी घरात रोज दिसतं. हिरव्या मिरच्या ठेचल्यावर हातांची आग आग होते. हात तर भाजलेला नाही, मग आग कसली? मिरचीतलं कॅप्सेसिन हे रसायन कातडीतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते प्रथिन १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढलं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. त्याचं मूळ काम उष्णता ओळखण्याचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेलं की ते उघडतं आणि मज्जातंतूतून संदेश निघतो. कॅप्सेसिन तेच दार उष्णता नसताना उघडतं. मेंदूकडे वार्ता पोहोचते ती भाजल्याचीच. म्हणून तर ठेचा खाल्ल्यावर कपाळावर घाम फुटतो. खरोखरची उष्णता समजून शरीर तिच्यावर उपाय करत असतं. अशा वेळी हात कोमट पाण्यात घातला तर आग भडकते, कारण त्याच दाराला आता दोघे मिळून धक्का देत असतात. तेल किंवा दही चोळलं तर उतार पडतो, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.

आणि पोपट? पिंजऱ्यातल्या पोपटाला आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरची देत आलो, आणि तो ती बिनदिक्कत खातो. पक्ष्यांतही हे प्रथिन आहे, उष्णता त्यालाही कळते, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्याने कॅप्सेसिन त्यावर चालत नाही. यात मिरचीचा स्वार्थ आहे. सस्तन प्राणी दाढांनी बिया भरडून टाकतात; पक्षी त्या अख्ख्या गिळून लांब नेऊन टाकतात. तिखटपणा म्हणजे कुणी खावं आणि कुणी खाऊ नये याची झाडाने केलेली निवड. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, ते अर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. त्यांनी दाब आणि स्पर्श ओळखणारी प्रथिनं शोधली होती.

आता धागा. अंधारात चालताना पायाचा अंगठा पलंगाच्या खुराला आपटतो, तो क्षण जरा सावकाश आठवून बघा. आपटल्याचं आधी कळतं. पाठोपाठ एक तीक्ष्ण सणक. आणि मग ‘आता येणार’ असं वाटेवाटेपर्यंत तो खरा, जीवघेणा ठणका. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या तंतूंनी वर जातात. स्पर्शाचे तंतू जाड, वेष्टन असलेले. त्यांतून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने पळतो. सणक नेणारे ए-डेल्टा तंतू बारीक, सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका नेणाऱ्या सी तंतूंना वेष्टनच नाही. त्यांचा वेग सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर मीटरभर धरलं, तर ठणक्याला उशीर का होतो हे तोंडी हिशेबाने कळतं.

त्यानंतर आपण काय करतो? अंगठा धरून चोळतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण चोळल्याने बरं का वाटावं, याचं पटण्यासारखं उत्तर मिळायला १९६५ साल उजाडलं. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्रज शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं की मज्जारज्जूत शिरतानाच एक फाटक आहे. जाड तंतूंतून स्पर्शाची वर्दळ वाढली की बारीक तंतूंच्या संदेशांना ते फाटक अर्धवट मिटतं. त्यांनी काढलेल्या आराखड्यातले बरेच तपशील पुढे चुकीचे ठरले, तरी मूळ मुद्दा टिकला. फिजिओथेरपिस्ट पाठीला पट्ट्या चिकटवून जो ‘करंट’ देतात त्यामागची कल्पना हीच. पण त्या लेखातलं खरं धाडसी विधान वेगळंच होतं: फाटकाची एक दोरी वर, मेंदूच्या हातात आहे.

त्याचा पुरावा रणांगणावर आधीच मिळालेला होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ काम करत होते. हाडं मोडलेले, पोटात-छातीत गोळ्या घुसलेले २१५ सैनिक त्यांनी तपासले आणि प्रत्येकाला विचारलं, दुखणं थांबवायला काही देऊ का? सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. ते बेशुद्ध नव्हते, त्यांचे मज्जातंतूही बधिर झालेले नव्हते. कुणी शीर शोधताना सुई धसमुसळेपणाने खुपसली की हेच सैनिक शिव्या घालायचे. युद्धानंतर बीचरनी शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांना औषध हवं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा: सैनिकाला ती जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटल्याची पावती वाटत होती, नागरिकाला मात्र त्याच्या शस्त्रक्रियेने संकटाची सुरुवात झाल्यासारखं वाटत होतं.

हा बीचरचा तर्क होता, प्रयोग नव्हता. प्रयोग झाला तो अक्कलदाढांवर. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत मॉर्फिनसारखं काम करणारं रसायन सापडलं. म्हणजे मेंदू स्वतःपुरती अफू घरीच बनवतो. मग १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेलंच इंजेक्शन दिलं. काहींना त्यानेच उतार पडला. आता मेख अशी, की या लोकांना नंतर नॅलॉक्सोन दिलं. नॅलॉक्सोन मॉर्फिनचा परिणाम अडवतं. बाकी काही करत नाही. ते देताच त्यांचं दुखणं परत वाढलं. खोट्या इंजेक्शनवरच्या नुसत्या विश्वासाने मेंदूने खरं रसायन सोडलं होतं, आणि ते अडवताच विश्वासाचा गुण गेला. ‘डॉक्टरांचा हातगुण’ म्हणून आपण जे मानतो, त्यातला काही भाग इथे बाटलीत पकडला गेला, असं मला वाटतं. उलट दिशेनेही हे चालतं. सुई टोचण्याआधी ‘आता फार दुखेल हं’ असं म्हणणारी नर्स सुईच्या दुखण्यात स्वतःची भर घालत असते.

मग मेंदूत हे सगळं ठरतं कुठे? माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड शुद्धीत असलेल्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचं बारीक टोक लावून शरीराचा नकाशा काढत होते. अंगठा आणि ओठ यांना मोठमोठे भूखंड, सबंध पाठीला जेमतेम पट्टी. रुग्ण सांगायचे, हाताला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाला. ‘दुखलं’ असं मात्र क्वचितच कुणी म्हणालं. दुखण्याचं असं एक केंद्र मेंदूत नाहीच. कुठे दुखतंय हे एक जाळं सांगतं, आणि ते नकोसं का वाटतं हे दुसरं. हे दुसरं जाळं सिंग्युलेट आणि इन्शुला या आतल्या भागांत आहे. ही दोन वेगळी करता येतात, हे कळल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा येतो. असह्य वेदनेवरचा शेवटचा उपाय म्हणून ज्यांच्या सिंग्युलेटवर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी काही जण नंतर सांगतात की दुखणं आहे तिथेच आहे, फक्त आता त्याचं काही वाटत नाही. १९२८ मध्ये पॉल शिल्डर आणि एर्विन श्टेंगेल यांनी वर्णन केलेल्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना टोचलेलं समजायचं, पण ते हात मागे घेत नसत. टोचून घेण्यासाठी उलट हात पुढे करत.

नसलेल्या अवयवाचं दुखणं हे याच गोष्टीचं टोक. अमेरिकन यादवी युद्धात हातपाय कापलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियात उपचार करणाऱ्या सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला ‘भुताचा अवयव’ असं नाव दिलं. तमिळनाडूत जन्मलेले आणि सॅन दिएगोत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात डोळे मिटलेल्या एका तरुणाच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा तो म्हणाला की आपल्या कापलेल्या हाताच्या अंगठ्याला कुणीतरी स्पर्श करतंय. पेनफील्डच्या नकाशात हाताच्या शेजारचा भूखंड चेहऱ्याचा आहे. मालक गेल्यावर शेजाऱ्याने कुंपण सरकवलं, असं रामचंद्रन यांचं म्हणणं. पुढे टॅमर मेकिन यांच्या पाहणीत हाताचा भूखंड बराचसा जागच्या जागी आढळला, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. रामचंद्रन यांच्या आरशाच्या खोक्यात शाबूत हाताचं प्रतिबिंब पाहून काहींची वळलेली, नसलेली मूठ सुटते. सगळ्यांची सुटत नाही.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. कंबर दुखते, एमआरआय काढला जातो, अहवालात चकती झिजल्याचं किंवा फुगल्याचं लिहिलेलं असतं, आणि त्या दिवसापासून माणूस वाकायचा थांबतो. आता २०१५ चा एक मोठा आढावा बघा. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या चित्रणांचा हिशेब मांडला होता. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती, आणि यातलं कुणी तक्रार करत नव्हतं. केस पिकतात तशा चकत्या झिजतात. लघवीवरचा ताबा सुटला, पाय लुळा पडला तर चित्रण तातडीने हवंच. पण एरवी फोटोत दिसलेला गॅप आणि होणारं दुखणं यांचं लग्न आपण परस्पर लावून टाकतो. शिवाय महिनोन्‌महिने संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त हळव्या होतात. मज्जारज्जू असा हळवा होतो हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं. मूळ इजा भरून येते, पण मधल्या यंत्रणेचा आवाज मोठाच राहतो. मग नुसता कपड्याचा स्पर्शही झोंबतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘दुखणं मेंदू ठरवतो’ याचं भाषांतर लोक ‘दुखणं मनाचं आहे’ असं करतात. घरातल्या बाईची कंबर, सासूचे गुडघे, तपासणीत काही निघालं नाही की हा शेरा मारायला सगळे टपलेले असतात. माझ्या मते हा उद्धटपणा आहे, आणि अडाणीपणाही. हाड मोडल्याचं दुखणंसुद्धा मेंदूच ठरवतो; त्या अर्थाने सगळीच दुखणी सारखी. माणसाच्या सांगण्याखेरीज दुखणं मोजायला दुसरं यंत्र नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारताना, माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा, असं स्पष्ट लिहिलं.

आता उलटी बाजू. दुखणंच नसेल तर? वर्ध्याजवळचं दत्तपूर किंवा वरोऱ्याचं आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना झडलेली बोटं परकी नाहीत. रोग बोटं खातो, असंच सगळे मानत होते, डॉक्टरसुद्धा. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये शल्यविशारद म्हणून वेल्लोरला आले आणि त्यांनी हे बारकाईने पाहायला सुरुवात केली. एकदा गंजलेलं कुलूप काही केल्या त्यांना उघडेना. रुग्णांतला एक पोरगा पुढे आला आणि त्याने झटक्यात किल्ली फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. आपण किल्ली जिथवर फिरवतो ती मर्यादा स्नायूंची नसते, बोट दुखण्याची असते. कुणी निखाऱ्यातून बटाटा हाताने काढायचा. कुणी सकाळी उठायचा तर बोटाचा तुकडा गायब. रात्री पाळत ठेवल्यावर दिसलं की उंदीर कुरतडतात, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. मग रुग्णांना मांजरं देण्यात आली. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागात वाढतात. कोपर, मनगट, गुडघा इथे कातडीलगत असलेले मज्जातंतू ते मारतात. बोटांचं मांस निरोगी असतं, जखमा इतरांसारख्याच भरतात. बोटं जातात ती न दुखणाऱ्या जखमा पुन्हा पुन्हा झाल्याने. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, मेलेला मज्जातंतू मात्र बहुधा परत येत नाही.

पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात ब्रँडनी कृत्रिम दुखणं बनवायचा घाट घातला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारी टोकं बसवली. दाब वाढला की कानाशी आवाज व्हायचा. रुग्णांना आवाज ऐकू यायचा आणि ते हातातलं काम तसंच रेटायचे. दिवा लावून पाहिला, तोच प्रकार. शेवटी काखेत, जिथे संवेदना शाबूत होती तिथे, विजेचा झटका बसेल अशी सोय केली. झटका लागायचा खरा, पण एखादा घट्ट बोल्ट पिळायचा असला की रुग्ण आधी बटण बंद करायचा, बोल्ट पिळायचा आणि बटण परत चालू करायचा. पाच-सहा वर्षांनी तो उद्योग गुंडाळावा लागला. माहिती पोहोचत होती. तिच्याबरोबर जी बळजबरी यायला हवी, ती मोज्यात शिवता आली नाही.

ब्रँडच्या कामातून उरलं ते साधं सामान: मऊ सूक्ष्मछिद्री रबराची एमसीआर चप्पल, आणि दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. कारव्हिलमध्ये कुष्ठरुग्णांच्या पायासाठी रुळलेला हा धागा आता मधुमेहाच्या दवाखान्यात दिसतो. डोळे मिटायला सांगून डॉक्टर तो तळपायाला टेकवतात आणि विचारतात, ‘काका, लागलं का?’ जास्त साखरेने सर्वांत लांब तंतू आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. ज्यांना धागा लागत नाही त्यांच्यासाठीचे नियम बहुतेक सगळे ब्रँडच्या रुग्णांनी घालून दिलेले आहेत. अनवाणी फिरायचं नाही, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर नाहीच. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे. रोज रात्री आरसा धरून तळपाय बघायचा, नीट दिसत नसेल तर घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगायचा. आणि अंघोळीचं पाणी किती कढत आहे हे पायाने न बघता कोपराने बघायचं, कारण तिथवर मज्जातंतू अजून जिवंत असतात.